शब्द कोण ऐकतंय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की हल्ली क्लासमधे मुली जी गाणी शिकवा म्हणून येतात त्यातली काही मला शिकवावीशी वाटत नाहीत, आणि ते सुरांमुळे नाही तर शब्दांमुळे. तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चौघांना देते. शेवटच्या पत्राला जास्त जागा दिलीये कारण तसं पत्र कधीकाळी मीच कुणालातरी लिहायला हवं होतं.

प्रश्न (भांडुपहून एक आई): ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. सोसायटीच्या गणपतीत लहान मुलींचा डान्स बसवतायत आणि त्यासाठी एक आयटम साँग निवडलंय. मी शब्दांवर हरकत घेतली तर बाकीच्या बायका म्हणतात अगं पोरींना कुठे अर्थ कळतोय, चाल किती मस्त आहे बघ. घरी सासूबाईंचं पण तेच. मीच जास्त ताणतेय का?

नाही हो, तुम्ही ताणत नाही आहात. मुलीला शब्दांचा अर्थ कळत नसेल, हे मी मान्य करते. पण कुठल्या ओळीला कंबर हलवली की समोरचे काका शिट्टी मारतात हे तिला पहिल्या प्रॅक्टिसलाच कळतं, आणि टाळी कशाला मिळते हे लहान मूल विसरत नाही. जून २०१९ मधे केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने खासगी टीव्ही चॅनेल्सना याचसाठी सूचना काढली होती, की डान्सच्या रिॲलिटी शोमधे लहान मुलांना मोठ्या माणसांच्या त्या तसल्या स्टेप्स करायला लावून दाखवू नका. म्हणजे हे फक्त तुमच्या मनात आलेलं खूळ नाहीये.

आणि त्या "अर्थ कुठे कळतोय" ला एक उत्तर माझ्याकडे आहे. त्याच गणपतीत तीच सात वर्षांची पोर आरती म्हणते ना, तिला त्यातल्या किती शब्दांचा अर्थ कळतो? आपल्याला तरी सगळ्यांचा कळतो का? तरीही आपण म्हणतो की म्हणू दे, संस्कार होतो, पुढे कळेल. मग न कळता म्हटलेल्या आरतीने संस्कार होतो आणि न कळता म्हटलेल्या दुसऱ्या गाण्याने काहीच होत नाही, हे कसं? गाण्याचा मुखडा पाच-सहा वेळा फिरून येतो, यमक जुळलेलं असतं, खाली ताल असतो, म्हणून ते डोक्यात बसतं, पाढेसुद्धा आपण असेच सुरात घोकले की पाठ होतात. आत गेलेलं तिथेच राहतं आणि अर्थ मागून येतो, बारा-तेराव्या वर्षी, तेव्हा ते शब्द तिच्या ओळखीचे झालेले असतात आणि ओळखीच्या गोष्टीला माणूस हरकत घेत नाही.

करायचं काय, तर मीटिंगमधे भांडू नका. गाण्याचे शब्द कागदावर लिहून न्या आणि चाल न लावता, शांतपणे, सगळ्यांसमोर नुसते वाचा, आपण सोसायटीची नोटीस वाचतो तसे. मी हे एका पालकसभेत करून बघितलंय. दुसऱ्या कडव्याला पोचायच्या आधीच एक आई म्हणाली बस झालं, दुसरं निवडू. आणि दुसरं तयार ठेवून जा, एखादं कोळीगीत, एखादं भारूड, बालगीतं तर किती आहेत. नुसतं नको म्हणून गेलात तर कोणी ऐकणार नाही.

प्रश्न (गिरगावहून, वय ७४): आमच्या काळी गाणी स्वच्छ होती. आता रिक्षात बसलं तरी कानात बोटं घालावीशी वाटतात, लिफ्टमधे नातू काय गुणगुणतो ते मला बायकोसमोर उच्चारता येणार नाही. सरकारने सरळ बंदी का घालू नये?

काका, रिक्षातलं तुमचं म्हणणं पटतं, बंदीचं पटत नाही, कारण ती आपण करून बघितलीये. १९५२ साली बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ती जवळजवळ गायबच झाली. तुम्ही तेव्हा अगदी लहान असाल, पण घरातल्या मोठ्यांनी काय केलं आठवतंय का, रेडिओचा काटा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर नेला. त्याच वर्षाच्या शेवटी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अख्खा देश बुधवारी संध्याकाळी रेडिओला चिकटून बसायला लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने स्वतःच विविध भारती सुरू केलं. एक गाणं तर १९७१ मधे आकाशवाणीने लावायचंच नाही ठरवलं कारण त्यात नशेचा पुकारा होता. तो सिनेमा खरं तर नशेच्या विरुद्ध होता, पण गाणं सिनेमातून सुटून एकटंच फिरायला लागलं आणि आज पन्नास वर्षांनी सिनेमाचा उपदेश कोणाला आठवत नाही, गाणं मात्र प्रत्येक ऑर्केस्ट्रात होतं. आता तर कोणीही घरी रेकॉर्ड करून नेटवर टाकतो, त्या गाण्याला सेन्सॉर बोर्डाकडे जावंच लागत नाही. काय काय बंद करणार?

आणि काका, रागावू नका, पण आपल्या काळची गाणी स्वच्छ होती हे पूर्ण खरं नाही. होनाजी बाळाची भूपाळी आपण देवघरात लावतो, त्याच होनाजीने शृंगाराच्या लावण्या लिहिल्यात. गदिमांनी १९५५-५६ मधे पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायणाची ५६ गाणी लिहिली आणि त्याच लेखणीतून तमाशापटांच्या ठसकेबाज लावण्या उतरल्या. दादा कोंडक्यांचे पिक्चर आपल्या पिढीनेच पंचवीस-पंचवीस आठवडे चालवले. आपण त्यामुळे बिघडलो का? मला नाही वाटत. म्हणून मी शृंगार आणि अश्लील या शब्दांत अडकत नाही, मी एवढंच बघते की या गाण्यात जिच्याबद्दल बोललं जातंय तिला तोंड आहे की नाही. लावणीतली बाई स्वतः बोलते. ती रुसते, टोमणा मारते, सांगते की मला अमुक आण नाहीतर परत जा, समोरचा पाटील असो नाहीतर सावकार, तिथे तिचाच शब्द चालतो. तुमच्या नातवाच्या गाण्यातली बाई बोलतच नाही. ती दारूसारखी प्यायची, मिठाईसारखी खायची, नाहीतर गाडीसारखी फिरवायची वस्तू असते आणि तिच्या "नाही" चा अर्थ गाणारा स्वतःच "हो" असा लावतो. मला भीती या दुसऱ्या गाण्याची वाटते.

हे फक्त माझं मत नाहीये. २००६ साली पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १२ ते १७ वयाच्या १,४६१ मुलामुलींचा अभ्यास छापून आला होता. ज्या गाण्यांत बाईला वस्तू आणि पुरुषाला कायम भुकेला जनावर दाखवलंय तसली गाणी जास्त ऐकणारी मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळलेली दिसली, पण शृंगार असूनही कोणाला हलकं न लेखणाऱ्या गाण्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. आता गाण्यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणता येत, मुलं मुळात कशी होती, घर कसं होतं हे पण असतंच. तरी फरक कुठे पडतो ते मला त्यात नेमकं दिसलं. नातवाला ओरडू नका. त्याला जवळ बसवून विचारा की या गाण्यातल्या मुलीला काय वाटत असेल रे. कोणीतरी आपल्याला हे विचारेल असं त्याच्या बहुतेक मनातही आलं नसेल.

प्रश्न (विक्रोळीहून, वय १९): ताई, मी शिव्यांचं रॅप ऐकतो, जिमला जाताना, ट्रेनमधे, कधीपण. मी कोणाला मारत नाही, पोरींना छेडत नाही. आईला वाटतं मी वाया जाणार. गाण्याने खरंच कोणी बिघडतं का?

नुसत्या गाण्याने नाही बिघडत. पण तू म्हणतोस तसं काहीच होत नाही असंही नाही. २००३ मधे अमेरिकेत पाचशेहून जास्त कॉलेजच्या मुलांवर प्रयोग झाले, हिंसक शब्दांचं गाणं ऐकल्यावर त्यांच्या मनात वैराचे विचार आणि राग वाढलेला दिसला, ज्यांनी त्याच पठडीतलं बिनहिंसेचं गाणं ऐकलं त्यांच्यापेक्षा जास्त. तो परिणाम थोडाच वेळ टिकत असेल असं ते संशोधकच म्हणतात, पण तू तर दिवसातून दहा वेळा ऐकतोस. आणि २००९ च्या ग्राइटमायर नावाच्या संशोधकाच्या प्रयोगात उलटं पण दिसलं, मदतीचे, माणुसकीचे शब्द असलेली गाणी ऐकल्यावर लोक दुसऱ्याला मदत करायला जास्त तयार होते. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

रॅप वाईट म्हणून मी सांगत नाहीये. या मुंबईत रागाचं गाणं नवीन नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी गावाकडे राहिलेल्या मैनेचं गाणं रचलं, ते ऐकताना वाटतं विरहाची लावणी आहे, आणि बघता बघता ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढाईचं गाणं होतं, गिरणगावातली माणसं ते ऐकून रडायची आणि मोर्चाला उभी राहायची. त्यातला राग कोणावर आहे हे पहिल्या ऐकण्यात कळतं. तू पण तुझ्या प्लेलिस्टला तेच विचार, हा भिडू चिडलाय कोणावर? रेशनच्या रांगेवर, पोलिसाच्या दंडुक्यावर, गळक्या छपरावर चिडला असेल तर शिवी आली तरी मी ऐकून घेईन. पण सगळी शिवी कोणाच्यातरी आई-बहिणीवरच जात असेल तर त्या बिचारीने काय केलंय? आईला एक गाणं अर्थ सांगून ऐकव. जे ऐकवताना तुझी जीभ अडेल ते कुठलं हे तुलाच समजेल.

प्रश्न (लालबागहून, वय २६): ताई, मी चार वर्षं ऑर्केस्ट्रात गातेय. सीझनला हळदी, साखरपुडे, गणपती, नवरात्र. हळदीला ठरावीक डबल मीनिंग गाणी लागतातच, नाही म्हटलं की पार्टी दुसरी सिंगर बोलावते आणि माझ्या पाकिटावर भावाचं कॉलेज चाललंय. गाताना मी डोक्यातून बंद होते, तोंड गातं आणि मी भाजी काय आणायची याचा विचार करते, त्यामुळे त्रास होत नाही. पण परवा सकाळी रियाजाला एक भावगीत घेतलं, आमच्या आज्जीचं आवडतं, मी लहानपणी ते गाताना रडायचे, आणि मला काहीच वाटलं नाही. काहीच म्हणजे काहीच नाही. घाण गाणी गाऊन माणूस घाण होतो का?

नाही गं बाळा, होत नाही. पहिल्यांदा हे मनातून काढून टाक. तुझ्याच शेजारच्या गिरगावातल्या सुलोचनाबाई चव्हाण आठव, अत्र्यांनी ज्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, आयुष्यभर एकाहून एक झणझणीत लावण्या गायल्या आणि त्या कायम डोक्यावर पदर घेऊन. २०२२ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच डिसेंबरात त्या गेल्या. त्यांना कोणी घाण म्हटलं नाही. पण त्या लावणी गाताना शब्दातून बाहेर पडायच्या नाहीत हे त्यांचं कुठलंही रेकॉर्डिंग लावलंस तरी ऐकू येईल, प्रत्येक शब्दाचं वजन त्यांना माहीत असायचं, कुठे थांबायचं, कुठला शब्द फेकायचा. तुझं दुखणं त्याच्या उलट आहे, तू शब्दातून बाहेर पडायला शिकलीस.

हे मला कसं कळतं सांगते. ८० च्या दशकात मी पण ऑर्केस्ट्रात होते. एका मंडळाच्या गणपतीत रात्री उशिरा फर्माईश आली, तसलंच गाणं, मी मान हलवली तर मालक स्टेजवरच म्हणाले की गा, नाहीतर आजच्या नाईटचे पैसे विसर. मी गायले. वन्समोर मिळाला, परत गायले. शेवटच्या गाडीने परत येताना डब्यात दोन पोरं चढली, कार्यक्रमातलीच, आणि दादर येईपर्यंत माझ्याकडे बघून त्या गाण्याची एकच ओळ म्हणत राहिली. त्यांच्या दृष्टीने ते गाणं कुठल्यातरी कवीचं नव्हतं, सिनेमातल्या नटीचं नव्हतं, ते माझं बोलणं होतं. मी स्टेजवर उभी राहून "मी" म्हटलं होतं ना.

त्या रात्रीनंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. आपल्या जुन्या गाण्यांत "मी" कोण ते सांगितलेलं असतं. अभंगात शेवटी "तुका म्हणे" येतं, "नामा म्हणे" येतं, "जनी म्हणे" येतं, लावणीत सुद्धा शाहीर आपलं नाव गुंफतो. एकनाथांनी भारुडात किती सोंगं घेतली, जोगवा मागणारी झाले, विंचू चावलेली बाई झाले, पण शेवटी "एका जनार्दनी" म्हणून सही करतात आणि गाणारा त्या सोंगातून मोकळा होतो. सिनेमाच्या गाण्यात ती सही नसते. तो "मी" रिकामा असतो आणि जो गाईल, जो गुणगुणेल त्याच्या अंगाला तो चिकटतो. म्हणूनच ते गाणं इतकं आपलं वाटतं, प्रेमात पडलेल्या मुलाला वाटतं हे माझ्याबद्दलच लिहिलंय. आणि म्हणूनच वाईट शब्द असले की ते पण आपलेच होतात.

मग मी काय केलं, तू करतेस तेच. शब्द ऐकायचं बंद केलं. सूर बरोबर, ताल बरोबर, पाकीट बरोबर. दोन वर्षांनी माझ्या बाईंकडे, दादरला ज्या मला शिकवायच्या, एक जुनं नाट्यपद म्हटलं तर त्यांनी पेटी मधेच थांबवली. म्हणाल्या, आवाज छान झालाय तुझा, पण शब्द कुठे गेले? मी तिथे बसल्या बसल्या रडले. कान काही निवडून बंद होत नाही गं, घाणीसाठी बंद केला की चांगल्यासाठी पण बंदच राहतो. तुला आज्जीच्या गाण्यात काही वाटलं नाही ते यामुळे. ऐकणाऱ्यांचं पण हेच होतं, "चाल छान आहे, शब्द कोण ऐकतं" म्हणत म्हणत माणूस कशाचेच शब्द ऐकेनासा होतो, घरातल्या बाईचे पण.

लताबाईंना शब्द खटकले तर त्या गाणं नाकारायच्या, हे सगळे सांगतात, पण त्या लताबाई होत्या. तुझ्या हातात तेवढी ताकद नाही हे मला माहितीये, आणि भावाची फी बुडवून तत्त्व पाळ असं मी तुला सांगणार नाही. यात सगळ्यात जास्त जबाबदारी लिहिणाऱ्याची, पैसे लावणाऱ्याची आणि फर्माईश करणाऱ्या पार्टीची आहे, तुझा नंबर शेवटचा. फक्त कायदा मात्र उलटा बघतो हे लक्षात ठेव. सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हणणं हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड विधानाचं कलम २९४ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९६, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलमात शब्द "गाणारा" असाच आहे, पाकीट देणारा नाही. मालकाशी बोलताना हे सांग, तुझ्या लाजेपेक्षा या गोष्टीला तो जास्त घाबरेल.

कार्यक्रमाची सुपारी घेतानाच तीन गाण्यांची नावं काढून ठेव जी तू गाणार नाहीस. दहा नको, तीनच, म्हणजे मालकाला झेपेल. त्या जागी द्यायला तुझ्याकडे तेवढंच नाचवणारं काहीतरी पाहिजे. हळदीत चेष्टेची गाणी आपल्याकडे पूर्वापार आहेत, आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका, धवले गातात, विहिणीला चिडवायची गाणी तर घराघरात होती आणि ती काही सोज्वळ नव्हती, पण जिला चिडवायचं ती समोर बसलेली असायची आणि लगेच उलट गाणं म्हणून फेडायची. लालबाग-परळमधे अजून अशा आज्या सापडतील. मोबाईल घेऊन जा, रेकॉर्ड कर, ढोलकी आणि बेंजोवर बसव. पहिल्या दोन-तीन सुपाऱ्यांना कदाचित पडेल, चौथ्या हळदीला नवऱ्याची आत्या उठून नाचायला लागेल, मी हे होताना पाहिलंय.

आणि ते आज्जीचं भावगीत अजून गेलेलं नाहीये, आत आहे. गुरुवारी संध्याकाळी माझा क्लास लवकर सुटतो, पत्ता मासिकाच्या ऑफिसकडून घे, फी वगैरे काही नको. गाण्याची वही आण. पेटी आपण उघडायचीच नाही त्या दिवशी, चाल पण लावायची नाही, दोघी बसून एकेक ओळ नुसती वाचू, आज्जीचं नाव काय होतं ते पण सांग मला.